पाणी, पाडा आणि पाबळ

शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ साली बांधून पुरं झालं. तेव्हापासून तिथलं पाणी मोठमोठ्या नळांतून, निव्वळ उताराच्या जोरावर मुंबईला जातं. पुढे भातसा आलं. आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचाच आहे. आणि उन्हाळ्यात याच शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मुरबाडच्या डोंगरपट्टीतही फार वेगळं चित्र नाही.

त्या पाड्यावरची मुलगी हंडा ठेवून शाळेत येते. ‘द्रवाचा दाब’ हा धडा काढते, व्याख्या पाठ करते. धरण उशाशी असून पाणी पाड्यावर का येत नाही, हा प्रश्न मात्र वर्गात निघत नाही. वास्तविक दाबाचा सगळा धडा त्यातच आहे. पाडा उंचावर, धरणाची पातळी खाली. पाणी वर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, खर्च हवा. तो कुणी करायचा, हा पुढचा प्रश्नही मग आपोआप येतो.

मंडळी, असे प्रश्न घेऊन विज्ञान शिकवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधक. मुंबईतली नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ हे शिरूर तालुक्यातलं दुष्काळी गाव. तिथल्या तरुणांना त्यांनी जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घ्यायला शिकवलं. ओहमचा नियम फळ्यावरून उतरून विहिरीच्या जागेपर्यंत गेला.

मग हायस्कुलांसाठी आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम आला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं. त्यात शेती-पशुपालन, वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य असे चार विभाग होते. शिकवायला गावातलेच जाणकार. पुढे शालान्त परीक्षेतही या विषयाला जागा मिळाली. २००३ साली कलबाग गेले, पण आश्रमाचं काम थांबलं नाही.

‘पोरांनी हातच काळे करायचे, तर शाळा कशाला?’ असं पालक विचारतात. त्यांचं चुकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हात काळे झाले, पदरात काही पडलं नाही. पण कलबागांना नुसते कारागीर घडवायचे नव्हते. हात चालले की प्रश्न पडतात आणि प्रश्न पडले की पुस्तक उघडावंसं वाटतं, ही त्यांची धारणा होती.

शहापूर-मुरबाडच्या शाळांना प्रयोगशाळा शोधत फिरायला नको. धरण, नळ, विहीर, वीटभट्टी, भाताचं खाचर सगळं दाराशी आहे. पाड्याची उंची मोजा, विहिरीची पातळी दर महिन्याला वहीत लिहा, टँकर किती येतात ते मांडा. पाणी कुठे मुरतं हे जिला मोजता येतं, त्या मुलीला नुसत्या आश्वासनांवर परत पाठवणं सोपं नसतं.