मॉडिफाय केलेल्या गाडीला आरटीओची नोटीस आली तर

आपल्याकडच्या अनेक घरांत गाडी एकाच्या नावावर असते आणि चालवतो दुसराच. बेळगावात नोकरी करणाऱ्या मुलाच्या गाडीवर 'एमएच ०९' असते, आरसीवर कोल्हापूरच्या वडिलांचे नाव असते आणि पत्ता कधीच सोडलेल्या भाड्याच्या घराचा असतो. गाडी कारखान्यातून आली तशीच असेल तर सहसा काही अडत नाही. पण मुलाने तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, पुढे लोखंडी गार्ड आणि काचांना काळी फिल्म लावली आणि गोव्याला जाताना ती अडवली गेली, की दंड आणि नोटीस वडिलांच्या नावाने निघते. तीही त्या जुन्या पत्त्यावर जाते.

अशा वेळी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे. ती खासगी मोटारींपुरती आहे. टॅक्सी, टेम्पो, बस यांचे नियम वेगळे आहेत.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ संपूर्ण देशाला लागू आहे. त्यातले कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतील तपशील जुळणार नाहीत असा कोणताही बदल मालकाने गाडीत करू नये, असे हे कलम सांगते. सध्याचे कडक शब्द २००० सालच्या दुरुस्तीने आले. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि राज्याचे नियम मूळ कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत असेही सांगितले. त्यामुळे 'आमच्या राज्यात चालते' हे उत्तर टिकत नाही.

कायद्याने काही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर चालवता येते. दिव्यांग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत योग्य ते फेरफार करता येतात. या दोन्ही बाबतींत आरसीवर नोंद हवीच. पूर्वपरवानगीविना बदल झाला किंवा इंजिन बदलले, तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसीत दुरुस्ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. मात्र जो बदल मुळातच निषिद्ध आहे, तो केवळ कळवल्याने कायदेशीर होत नाही.

कोणत्या बदलांवर बोट ठेवले जाते

सायलेन्सर : आवाज कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीला हवा. आतली जाळी काढणे, नळी कापणे किंवा बाजारातला 'बास'वाला सायलेन्सर लावणे हे ध्वनिप्रदूषणाच्या कलमात येते.

हॉर्न : एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न केंद्रीय नियम ११९ नुसार चालत नाही. कर्कश हॉर्नही नाही.

काचा : पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. त्यानंतर सेफ्टी ग्लेझिंगबाबत नियमात बदल झाले, तरी ७० आणि ५० टक्क्यांची अट कायम आहे. गडद फिल्मला कुठेच सूट नाही.

बुलबार किंवा क्रॅशगार्ड : डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हे गार्ड कलम ५२ च्या विरोधात असल्याचे राज्यांना कळवले. धडक बसली तर पायी चालणाऱ्याला त्यांचा मार जास्त लागतो, आणि गाडीची पुढची बाजू जशी दबली पाहिजे तशी दबत नाही.

नंबरप्लेट : नक्षीदार अक्षरे आणि 'दादा', 'बाबा' वाचता येईल अशी अंकांची मोडतोड चालत नाही. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच बसून येते.

रंग : रंगाची नोंद आरसीत असते. पांढरी गाडी पूर्ण काळी केली आणि नोंद बदलली नाही, तर गाडी आणि कागद जुळत नाहीत.

चाके, टायर व उंची : कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापापलीकडचे टायर, बॉडीबाहेर आलेली चाके, स्प्रिंग कापून खाली बसवलेली किंवा किट घालून उचललेली गाडी या सगळ्यांवर हरकत येऊ शकते.

सीट कव्हर, चटया किंवा त्याच मापाची अलॉय चाके यांनी आरसीतला कोणताही तपशील बदलत नाही. फक्त सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर ती झाकणारे कव्हर घालू नये.

हातात आलेला कागद कोणता

'नोटीस आली' असे आपण सरसकट म्हणतो, पण कागद तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचे उत्तर वेगळे असते.

पहिला म्हणजे चलन. त्यावर कलम, रक्कम आणि मुदत असते. मुदतीत ती रक्कम भरायची किंवा आक्षेप घेऊन न्यायालयात जायचे.

दुसरा म्हणजे कलम ५३ खालची नोटीस. गाडी रस्त्यावर धोकादायक आहे किंवा नियमांत बसत नाही, असे नोंदणी अधिकाऱ्याला वाटले तर तो नोंदणी निलंबित करू शकतो. त्याआधी मालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने जाते. तिला लेखी उत्तर देणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

तिसरा म्हणजे प्रत्यक्ष निलंबनाचा आदेश. दोष दुरुस्त होऊन अधिकाऱ्याचे समाधान होईपर्यंत तो लागू राहतो. आदेश मिळाल्यावर आरसी जमा करावी लागते. निलंबन सलग सहा महिने चालू राहिले तर नोंदणी रद्द होण्याची वेळ येऊ शकते.

दंड कोणाला आणि किती

कलम १८२-अ मधील बेकायदा बदलांची तरतूद थेट मालकाला उद्देशून आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचावेत : तीन बदल असतील तर हिशेब १५,००० रुपयांचा होतो.

आवाज, धूर किंवा रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९०(२) लागते. ते गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू होते. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. रोज गाडीने कामावर जाणाऱ्याला दंडापेक्षा हे तीन महिने जड जातात.

नोंदणी निलंबित असताना गाडी रस्त्यावर आणणे हा वेगळा गुन्हा आहे. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड होतो आणि गाडी ताब्यात घेतली जाऊ शकते.

जागेवर तडजोडीने भरायची रक्कम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये अशा अनेक रकमा कमी केल्या. म्हणून बडोद्यात ऐकलेला आकडा इंदूरला किंवा पणजीला लागू होईलच असे नाही.

क्रमाने काय करावे

१. कागद पूर्ण वाचा. कलम, तारीख, मुदत, कार्यालय आणि नोंदलेले दोष एका कागदावर उतरवून काढा. नोटीस कन्नड किंवा गुजरातीत असेल आणि मालकाला ती वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून शब्दशः समजून घ्या. अंदाजाने सही करू नका.

२. गाडी आहे तशी ठेवून फोटो काढा. नंतर काय काढले आणि काय बसवले हे दाखवायला ते उपयोगी पडतात.

३. दोष दोन भागांत वाटा. काही मूळ स्थितीत आणायचे असतात : सायलेन्सर, फिल्म, गार्ड, हॉर्न, टायर. काही नोंद करून नियमित होऊ शकतात : मान्यताप्राप्त गॅस किट, रंग, इंजिन, दिव्यांगांसाठीचे फेरफार. पहिल्या भागासाठी परवानगी मागत बसू नका, वेळ जातो.

४. मूळ सुटे भाग बसवा आणि पक्के बिल घ्या. बिलावर गाडीचा नंबर लिहून घ्या. जुना सायलेन्सर गॅरेजवाल्याने भंगारात दिला असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून त्याच मॉडेलचा मागवा.

५. गॅस किट असेल तर किटचे मान्यतापत्र, बसवणाऱ्या अधिकृत केंद्राचा दाखला आणि सिलिंडरच्या चाचणीचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. सीएनजी सिलिंडरची ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

६. मुदतीच्या आत मालकाच्या सहीने लेखी उत्तर द्या. उत्तर थोडक्यात असावे : नोटिशीचा क्रमांक व तारीख, कोणते दोष दूर केले, सोबत जोडलेली बिले व फोटो, आणि तपासणीसाठी तारीख देण्याची विनंती. पोच घ्या.

७. मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी करून घ्या. नोंदणी निलंबित असेल तर गाडी टोचन करून न्या, चालवत नेऊ नका.

८. निलंबन उठल्याचा लेखी आदेश घ्या आणि काही दिवसांनी 'वाहन' पोर्टलवर गाडीची स्थिती तपासा. कार्यालयात काम झाले तरी संगणकावर नोंद राहून गेली, तर पुढच्या नाक्यावर तोच प्रश्न उभा राहतो.

९. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

सर्वांत जास्त चुकते ते पहिल्या कागदापाशी. चलनाची रक्कम भरली की विषय संपला असे समजून तीच गाडी पुन्हा रस्त्यावर आणली जाते. दंड भरल्याने तो बदल कायदेशीर होत नाही. उलट तडजोडीने मिटवलेला गुन्हा पुढच्या वेळी आधीचा गुन्हा म्हणून मोजला जातो.

गाडी एका राज्याची, घर दुसऱ्या राज्यात

निलंबनाचा अधिकार फक्त मूळ नोंदणी कार्यालयालाच असतो, असा समज आहे. तो बरोबर नाही. गाडी ज्या कार्यालयाच्या हद्दीत असेल तेही कलम ५३ नुसार कारवाई करू शकते. निलंबन महिनाभर चालले तर ते मूळ कार्यालयाला कळवते. म्हणजे कोल्हापूरची गाडी गोव्यात अडली, तर आधी गोव्याच्या वाहतूक संचालनालयाच्या संबंधित कचेरीतच जावे लागते.

पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवावे लागते. त्यासाठी नमुना ३३ आहे. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला घेऊन नवीन राज्याचा नंबर घ्यावा लागतो. तिथे कर भरावा लागतो, आणि आधी भरलेल्या करातील उरलेल्या काळाचा परतावा मूळ राज्याकडे मागता येतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची संमती आधी घ्यावी. हे सोपस्कार कंटाळवाणे खरे. पण सोडलेल्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत येते, उत्तराची मुदत टळते आणि निलंबनाचा पत्ता लागतो तो थेट रस्त्यावर.

वडिलांचे निधन झाले आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. उत्तरावर सही करायला मालकच नसेल तर साधे कामही अडून राहते.

विमा आणि जुनी गाडी

गॅस किट किंवा महागडी विद्युत उपकरणे बसवली असतील तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. न कळवलेल्या बदलांमुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईवर वाद होऊ शकतो.

मॉडिफाय केलेली जुनी गाडी विकत घेताना आरसी हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी. रंग, इंधन, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि आसनसंख्या जुळते का ते पाहावे. मूळ सुटे भाग विकणाऱ्याकडे असतील तर तेही मागून घ्यावेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी पासिंगला न्यावी लागते, आणि आधीच्या मालकाने केलेले बदल तिथे नव्या मालकाच्या खात्यावर येतात.

घरात एक फाइल ठेवावी : आरसीची प्रत, विमा, पीयूसी, किटची कागदपत्रे, दुरुस्तीची बिले आणि भरलेल्या चलनांच्या पावत्या. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर दाखवले तरी चालते. मुलाला गाडी देताना आरसीवर आपले नाव आहे हे त्याला सांगून ठेवावे, आणि गॅरेजमध्ये काही नवे बसवण्याआधी त्याने विचारावे असे ठरवून घ्यावे.