कसोटीच्या दगडाला न विचारलेला प्रश्न

१/ शिक्रापूरवरून जाणारा नगर रस्ता पुढे नेवासे फाट्याला पोहोचतो. नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या सांगाड्याच्या गळ्याशी तांब्याचे मणी मिळाले. हे लेणे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे.

२/ मण्यांत ओवलेल्या धाग्याचे तंतूही टिकून होते. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना तांब्याचे क्षार मारक ठरतात. अंगावरचा धातू नुसता शोभेचा नसतो, तो आसपासच्या सजीवांवर परिणाम करतो.

३/ पुढे बाळाच्या वाळ्या-बिंदल्यांची पारख सोनाराच्या काळ्या कसोटीवर होऊ लागली. दगडावर रेघ ओढायची, तेजाब लावायचे, उरलेल्या रंगावरून कस ठरवायचा. ‘सोने किती?’ एवढेच कसोटी सांगते. ‘बाळाने तोंडात घातले तर?’ हा प्रश्न तिच्यासाठी नव्हताच.

४/ सराफी पेढ्यांवरच्या ‘केडीएम’ पाट्या आठवतात? ते नाव कॅडमियमवरून आले. सांधे जोडण्याच्या डाखात सोन्याबरोबर हा विषारी धातू असे. तापताच तो वाफ होऊन उडे, म्हणून दागिना कसाला उतरे. वाफ मात्र कारागिराच्या फुप्फुसांत जाई.

५/ जत्रेतल्या, सणासुदीच्या स्वस्त दागिन्यांना तर कसोटीही लागत नाही. शिसे स्वस्त, जड आणि ओतायला सोपे. २००६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चार वर्षांच्या मुलाने बुटांसोबत फुकट मिळालेले पदक गिळले. त्यात ९९ टक्के शिसे होते. मूल दगावले.

६/ पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालते. त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

७/ अमेरिकेने २००८ मध्ये कायदा केला. मुलांच्या वस्तूंत आज दहा लाख भागांत शिशाचे १०० भाग ही मर्यादा आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. त्या मानकात शिसे आणि कॅडमियम यांवर मर्यादा आहे. त्याच वर्षी जूनपासून सोन्याला हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला. तो मात्र सोन्याची शुद्धताच सांगतो.

८/ सराफाकडचे कॅरेटमीटर क्ष-किरणांवर चालते. पुरातत्त्वज्ञही याच तंत्राने प्राचीन धातू तपासतात. हे तंत्र शिसे आणि कॅडमियमही ओळखते. साधन हाताशी आहे. तीन हजार वर्षांनंतर आता फक्त प्रश्न बदलायचा आहे.