पेटीतली लुगडी

दिवाळीच्या आधीची गटाची बैठक. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता आमच्यातल्या एकीनं विषय काढला. तिची सासू उन्हाळ्यात वारली. मागे एक पत्र्याची पेटी राहिली, पेटीत अकरा लुगडी. दोन इरकली, बाकीची रोजची, धुऊन धुऊन मऊ झालेली. "टाकवत नाहीत, आणि घरात नेसणारंही कुणी राहिलं नाही," ती म्हणाली. जाऊ म्हणते बोहारणीला दे, एखादं पातेलं तरी येईल. पोरगा म्हणतो, उंदरं होतील, जाळून टाक.

मग तिनं पिशवीतून दोन चांगली लुगडी काढली आणि गटातल्याच दुसऱ्या बाईपुढं ठेवली. ही बाई अजून नऊवारी नेसते. "तुला घे, धुऊन आणलीत." त्या बाईनं हात मांडीवरून उचलला नाही. "नको बाई. माझं फाटकं असलं तरी चालतंय मला. पण दुसऱ्याचं उतरलेलं नको."

खोलीत कुणी बोलेना. सात वर्षं आम्ही एका सतरंजीवर बसतोय, एकमेकींची कर्जं मंजूर करतोय, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दोघींनीही रेडिओवर नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय, ते आम्ही घेणार नाही. पण त्या दिवसापासून जुन्या कपड्याचा इतिहास आम्ही हुडकायला लागलो. आजचं बोलणं त्याचंच आहे.

आधी पेटीवालीची बाजू. जुनं लुगडं टाकवत नाही म्हटलं की नव्या पोरी हसतात. पण कापड मुबलक झालं ते अगदी अलीकडं. सूत हातानं निघायचं तेव्हा एका मागाला सूत पुरवायला कितीतरी बायकांना चरख्यावर बसावं लागे. नऊ वार लुगडं म्हणजे किती जणींचे किती दिवस, ते मनातल्या मनात मोजून बघा. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी १८५४ साली सुरू झाली, दोन वर्षांनी ती चालू झाली. पुढं गिरण्या वाढल्या, कापड स्वस्त झालं, पण गरिबाच्या घरी तरीही वर्षाला एखाददुसरंच लुगडं. त्यात दुसरं महायुद्ध आलं. कापड मिळेना, भाव भडकले, आणि १९४३ साली सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं. आमच्या गटातल्या थोरल्या आजी तेव्हा पाळण्यात होत्या. त्यांची आई सांगायची, दोघी जावांत बाहेर जायचं धड लुगडं एकच होतं. एक बाजाराला गेली की दुसरी घरात.

असं लुगडं जुनं झालं म्हणून संपायचं नाही. विरलं की मधून फाडून, काठ आत घेऊन दंड घालायचा आणि पुन्हा नेसायचं. त्यानंतर बाळाची झोळी, दुपटं, लंगोट. बाळाच्या अंगाला पहिल्यांदा लागतं ते जुनंच, कारण नवं कापड टोचतं. मग भाकरी बांधायचं फडकं, पाण्याच्या घागरीखाली चुंबळ. महिन्याच्या दिवसांतलं कापडही त्यातनंच निघायचं, त्यात लाजायचं काय? उरलं ते गोधडीच्या पोटात, आणि अगदी शेवटी चुलीपुढं पोतेरं.

हे काही आपणच शोधून काढलेलं नाही. बौद्धांच्या विनयपिटकात एक गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद या भिक्षूला पाचशे वस्त्रं दान केली. आनंद म्हणजे बुद्धाचा रोजचा सोबती. राजाला राग आला, हा भिक्षू आहे की कापडाचा व्यापारी? त्यानं जाऊन विचारलं, एवढ्या वस्त्रांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची विरलीत त्यांना वाटीन. मग त्यांच्या जुन्या वस्त्रांचं? त्यांची अंथरुणावरची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीची खोळ. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरू. त्यांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झाडायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? बारीक फाडून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा थोरल्या आजी म्हणाल्या, "त्या आनंदाला आईनं चांगलं वळण लावलं होतं."

गेल्या हिवाळ्यात आम्ही गटाच्या सहलीत नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेलो होतो. दहाव्या लेण्यात एक लेख कोरलेला आहे, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा जावई उषवदात यानं ते लेणं भिक्षूंना दिलं. त्याची बायको दक्षमित्रा, तिच्या दानाची ओवरीही तिथंच आहे. उषवदातानं नुसतं लेणं दिलं नाही, भिक्षूंच्या कपड्याचीही सोय लावली. ती कशी, हे बचत गटातल्या बाईनं जरूर ऐकावं. नाशिकजवळच्या गोवर्धन गावात विणकरांचे संघ होते. त्यातल्या एका संघाकडं त्यानं २००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे. आमच्या हिशेबनीसबाईनं तिथंच पायरीवर बसून गणित केलं. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस जणांना बारा बारा. पैशाचाही फरक नाही.

म्हणजे भिक्षूलाही कापड नुसतं कुणाच्या अंगावरून उतरलेलं मिळालं पाहिजे असं नव्हतं. सुरुवातीला भिक्षू उकिरड्यावरच्या, मसणातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून नेसत. पण ते त्यांनी आपणहून घेतलेलं व्रत होतं. आता आमच्या दुसऱ्या मैत्रिणीकडं वळतो, कारण तिच्या घराण्यात हे व्रत नव्हतं, ती सक्ती होती.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कसं राहावं ते लिहून ठेवलंय. मेलेल्यांची वस्त्रं नेसावी, फुटक्या भांड्यात जेवावं, लोखंडाचे दागिने घालावे. पुस्तकातलं पुस्तकातच राहिलं असतं तर वेगळं. आपल्या गावगाड्यात प्रेतावरचं कापड हा महारांचा हक्क म्हणून चालत होता. हक्क म्हणायचं त्याला! आमच्या मैत्रिणीनं नंतर सांगितलं, तिच्या आजीनं लहानपणी असं कापड अंगावर घातलं होतं. कुणाचं ते गावाला माहीत असायचं. आजी विहिरीकडं निघाली की बायका काठ ओळखायच्या. पुढं आजीनं शपथ घातली, या घरात उतरलेलं येणार नाही.

जुनं कापड गरिबाला द्यावं की नाही, यावर देशात मोठा वाद झालेला आहे. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी केली. रवींद्रनाथ टागोरांना ते पटलं नाही. देशात माणसं उघडी असताना कापड जाळायचं कसं, हा त्यांचा सवाल. सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी स्वतः फक्त पंचा नेसायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबरात टागोरांना उत्तर लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की उघड्या माणसाला काम पाहिजे, त्याला टाकलेलं कापड देणं हा त्याचा अपमान आहे. द्यायचंच तर माझ्यातलं चांगलं देईन. आम्हाला विचाराल तर टागोरांचा सवाल अजूनही खोटा वाटत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याला अपमानाचं कसलं सांगता? पण दोघंही देणाऱ्याच्या बाजूनं बोलत होते. घेणारीचं म्हणणं ऐकायला आणखी सहा वर्षं जावी लागली.

डिसेंबर १९२७, महाड. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी दुसरी परिषद भरली होती. २५ तारखेला तिथं मनुस्मृती जाळली, तीच, जिच्यात मेलेल्यांच्या कपड्याचं कलम आहे. त्याच मुक्कामात बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले, आणि बोलले ते लुगड्यावर. तेव्हा अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बायकांना लुगडं गुडघ्यापर्यंत वर ओढून नेसावं लागे. गळ्यात आणि हातात जड, हलक्या धातूचे दागिने. लांबून बघणाऱ्याला जात कळावी अशी ती खूण. बाबासाहेबांनी सांगितलं, ही खूण टाका, लुगडं इतर बायकांसारखं घोट्यापर्यंत नेसा. कपडा फाटका असला तरी हरकत नाही, पण स्वच्छ ठेवा. दुसऱ्या दिवशी बायका तशा नेसून आल्या. वरच्या म्हटलेल्या जातींतल्या काही बायकांनीही त्यांना नेसायला मदत केली.

नवी लुगडी कुणी वाटली नव्हती. लुगडं तेच, जुनंच, फक्त हातभर खाली सोडलेलं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं ते अंतर तोडायला किती धीर लागला असेल, हे गावच्या बाईला वेगळं सांगायला नको. अंगावरचं लुगडं तसंच खाली सोडून परत आपल्याच गावात, त्याच वाटेनं जायचं होतं.

तर अशी ही दोन टोकं. एकीला सासूचं लुगडं म्हणजे सासूचा हात. दुसरीला तेच कुणाच्यातरी दाराशी हात पसरणं. दोघींचं खरं, आणि दोघी एकाच गटात.

पेटीतल्या लुगड्यांचं पुढं काय झालं ते सांगतो. बोहारीण आली होती. तिनं जरीसाठी काठ चोळून पाहिले आणि नऊ लुगड्यांना एक छोटी कढई देऊ केली. पेटीवालीनं पेटी परत लावली. आजकालच्या पॉलिस्टर साड्या बोहारीणही नाक मुरडून घेते, असं तीच म्हणाली. त्या पाणी शोषत नाहीत, त्यांचं दुपटं होत नाही की पोतेरं. गोधडीत घातल्या तर आतल्या आत सरकतात. आमच्या सुनांच्या कपाटात त्या चाळीस चाळीस पडून आहेत.

संक्रांतीनंतर शेतातली कामं जरा उरकली आणि पेटीवालीनं इरकली दोन ठेवून बाकीची नऊ गोधडीला काढली. आम्ही सहा जणी दुपारी दुपारी टाके घालायला बसायचो, कडेनं सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडं. तिसऱ्या दिवशी नको म्हणणारीही सुईदोरा घेऊन आली. काखेत एक गाठोडं होतं. त्यात तिच्या आजीचं लुगडं. हिरवं असावं कधीतरी, आता रंग सांगता येत नाही, आणि ठिगळांनी भरलेलं. आजीनं स्वतःच्या मजुरीतून घेतलेलं पहिलं.

"हे पोटात घालायचं नाही," ती म्हणाली. "वरून घालायचं." पेटीवालीनं सासूचं लुगडं वरून काढलं आणि आतल्या थराला सरकवलं. वाद झाला तो एवढाच, की ठिगळांवरून टाका न्यायचा की बाजूनं. बाजूनं नेला.

आमच्या रेडिओच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतींना गोधड्या लावल्यात. ही चौथी, दाराच्या बाजूची. आजचं बोलणं आम्ही तिच्याकडं तोंड करून बसूनच रेकॉर्ड केलं.