भाभांची वीस वर्षे

ऑगस्ट १९५५. जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी होते होमी भाभा. येत्या दोन दशकांत केंद्रकीय संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. तसे झाल्यास महासागरांतील जड हायड्रोजन जगाचा इंधनाचा प्रश्न कायमचा सोडवील, अशी त्यांची धारणा होती. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ तेव्हा हे संशोधन गुप्त ठेवून होते. त्यामुळे या विधानाने सभागृहाबाहेरही खळबळ उडाली.

भाकीत चुकले. चूक तत्त्वात नव्हती. हायड्रोजन बाँबने संमीलन शक्य असल्याचे दाखवलेच होते. अडचण होती ती आवरून धरण्याची. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम यांची धनप्रभारित केंद्रके परस्परांना दूर लोटतात. ती एकत्र यावीत म्हणून वायू दहा कोटी अंश सेल्सिअसच्या वर तापवावा लागतो. एवढ्या उष्ण प्लाझ्म्याला कोणतीही भिंत धरू शकत नाही, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्रात कोंडायचे. पण हा प्लाझ्मा पिंजऱ्यातल्या पाऱ्यासारखा निसटतो. त्याच्या अस्थिरतांचे शास्त्र १९५५ मध्ये जवळजवळ अस्तित्वातच नव्हते.

गंमत अशी, की भाभांच्या स्वतःच्या देशात या विषयाला स्वतंत्र कार्यक्रम मिळाला तो १९८२ मध्ये, म्हणजे वीस वर्षांची मुदत उलटून गेल्यावर. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत प्रेधिमन कृष्ण काव यांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. १९८६ मध्ये त्यातूनच गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. १९८९ मध्ये तेथे ‘आदित्य’ हा देशातच अभिकल्पित करून बांधलेला टोकामाक चालू झाला. त्याच्या कंकणाकृती पात्राची मुख्य त्रिज्या अवघी ७५ सेंटिमीटर. त्यापुढचे ‘एसएसटी-१’ हे अतिसंवाहक चुंबकांचे यंत्र मात्र फार जिकिरीचे ठरले. जोडणीनंतर दोष आढळल्याने ते खोलून पुन्हा उभारावे लागले आणि त्यात पहिला प्लाझ्मा दिसला तो जून २०१३ मध्ये. हा विलंब अपयश म्हणून हिणवला गेला, पण चुका कशा शोधाव्यात हे याच विलंबाने शिकवले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दरम्यान, २००५ अखेरीस भारत फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात सामील झाला. त्याच्या वाट्याला आलेल्या कामांत सर्वांत डोळ्यांत भरणारे होते क्रायोस्टॅट, म्हणजे संपूर्ण यंत्राला वेढणारे पोलादी निर्वात पात्र. त्याची उंची आणि व्यास प्रत्येकी जवळपास ३० मीटर, वजन सुमारे ३,८०० टन. आत प्लाझ्मा १५ कोटी अंशांवर तापवायचा आणि काही मीटरांवर चुंबके उणे २६९ अंशांवर गार ठेवायची, असा हा संसार! गुजरातमधील हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने त्याचे ५४ भाग घडवले. ते समुद्रमार्गे फ्रान्सला गेले आणि कादाराश येथे जोडले गेले. १,२५० टनांचा तळभाग मे २०२० मध्ये यंत्राच्या खड्ड्यात उतरवण्यात आला.

इटरमधून वीज मिळणार नाही. ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉटची संमीलन शक्ती मिळवणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. जिनिव्हातील त्या भाषणाला तेव्हा ८४ वर्षे झालेली असतील.