कोणता सुटा भाग जवळ ठेवावा?

भिंगारच्या छावणीजवळ १९९४ साली एक वेगळ्या प्रकारचे संग्रहालय सुरू झाले. रणगाड्यांचे. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शेरमन, सेंच्युरियन, पॅटन, आपला विजयंता असे निरनिराळ्या देशांचे आणि काळांचे रणगाडे तेथे उघड्यावर मांडलेले आहेत. शाळेची सहल तेथे गेली की मुले आधी तोफा मोजू लागतात. त्यांचे लक्ष आपण एका साध्या गोष्टीकडे वळवू शकतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांची छायाचित्रे पाहिली, तर अनेकांच्या पुढच्या अंगाला किंवा बुरुजाला लोखंडाचे जाड चौकोनी तुकडे टांगलेले दिसतात. रणगाडा ज्या पट्ट्यावर चालतो, त्या पट्ट्याच्या या जादा कड्या असतात. रणगाड्यात हजारो भाग असतात, आणि जागा इतकी कमी की आतल्या माणसांना धड पाय पसरता येत नाहीत. असे असताना नेमक्या या कड्याच बरोबर का घेतल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की यंत्रयुगाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

'सुटा भाग' ही कल्पनाच मुळात नवी आहे. आपल्याकडच्या बैलगाडीचे चाक मोडले, तर सुतार त्या गाडीच्या मापाने नवे घडवी आणि लोहार त्यावर धाव चढवी. शेजारच्या गाडीचे चाक तिला बसेलच अशी खात्री नसे. युरोपातल्या बंदुकांचीही तीच गत होती. प्रत्येक चाप कारागीर कानशीने घासून त्या एकाच बंदुकीला बसवी. भाग एकसारखेच नसतील, तर जादा भाग साठवून काय उपयोग?

फ्रान्समधल्या ऑनोरे ब्लाँ या बंदूक-कारागिराने हे बदलण्याचा प्रयत्न केला. १७८५ साली त्याने सुट्या केलेल्या अनेक चापांचे भाग पॅरिसमधले अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे ठेवले. जेफरसन यांनी ढिगातून हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः चाप जोडले, आणि ते चपखल बसले. ही हकीगत त्यांनी पत्राने मायदेशी कळवली. पुढे अमेरिकेतल्या सरकारी शस्त्रशाळांनी अनेक दशके खपून ही पद्धत कारखान्यात रुळवली.

मोटारींच्या बाबतीत या कल्पनेची जाहीर परीक्षा १९०८ साली इंग्लंडमध्ये झाली. ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला मार्ग आदल्याच वर्षी खुला झाला होता. तेथे तीन कॅडिलॅक गाड्या आणल्या आणि पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकत्र मिसळले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग टाकले. मग केवळ पाने आणि पेचकस वापरून तीन गाड्या पुन्हा जोडल्या. कानस वापरायची नाही, ही अट होती. त्या तीनही गाड्या सुरू झाल्या आणि त्याच मार्गावर ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, धावल्या. 'साठ्यातला भाग' या शब्दांना त्या दिवशी खरा अर्थ आला.

पण एका कारखान्याचे भाग आपसांत जुळले, तरी दुसऱ्याचे जुळतीलच असे नाही. साध्या नटबोल्टाचे आटे घ्या. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडसाठी आट्यांचे प्रमाण सुचवले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा कोन सुचवला. फरक पाच अंशांचा. शांततेच्या काळात तो कोणाला फारसा टोचला नाही. १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य इंग्लिश आणि अमेरिकन अशी दोन्ही प्रकारची वाहने वापरू लागले, तेव्हा मात्र तो चांगलाच जाणवला. बोल्टांचे साठे दोन, पान्यांचे संच दोन, आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईना. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे सामाईक प्रमाण मान्य केले.

शेरमन रणगाड्याची गोष्टही अशीच बोलकी आहे. अमेरिकेने महायुद्धात सुमारे ४९ हजार शेरमन बांधले. एकाच प्रकारची इतकी इंजिने पुरवणे अशक्य होते, म्हणून मिळतील ती बसवली: विमानाचे गोलाकार रचनेचे इंजिन, दोन डिझेल इंजिनांची जोडी, फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन, आणि क्रायस्लरने तर मोटारीची पाच इंजिने एकत्र जोडून एक बनवले. बाहेरून रणगाडा जवळजवळ सारखाच, पण आतले सुटे भाग वेगळे. हा घोळ टाळण्यासाठी शक्यतो एका सैन्याला एका प्रकारच्या इंजिनाचे रणगाडे देण्याचे धोरण ठेवावे लागले. यावरून एक गोष्ट दिसते. साठा किती ठेवावा लागेल, हे वाहनांच्या संख्येपेक्षा त्यांच्या प्रकारांवर अधिक अवलंबून असते.

आता मूळ प्रश्न: कोणता भाग, आणि किती? येथे गणिताची मदत झाली, आणि ती घोडदळाच्या वाटेने आली. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने दगावणाऱ्या सैनिकांची नोंद ठेवली जाई. लादिस्लाउस बोर्टकेविच यांनी १८९८ साली दहा तुकड्यांच्या वीस वर्षांच्या, म्हणजे २०० नोंदी तपासल्या. एकूण मृत्यू १२२, म्हणजे दर नोंदीमागे सरासरी ०.६१. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली मांडलेल्या सूत्राने हेच आकडे क्रमाने सुमारे १०९, ६६, २०, ४ आणि १ असे येतात. केव्हा लाथ बसेल हे सांगता येत नाही, पण किती वेळा किती बसतील याला नियम आहे. घोड्याच्या जागी यंत्र आले, तरी अवचित मोडणाऱ्या भागांना तोच नियम लागू पडला.

हे वर्गात करून पाहता येते. बारा फासे म्हणजे बारा गाड्या समजा. एकदा सगळे टाकणे म्हणजे एक महिना. ज्या फाशावर सहा येतील, त्या गाडीचा एक विशिष्ट भाग मोडला. सरासरीने महिन्याला दोन भाग मोडतील. मग साठ्यात दोन ठेवले की पुरे, असे मुले हमखास म्हणतात. शंभर वेळा फासे टाकून नोंद करा. सुमारे ३२ वेळा दोन भाग अपुरे पडतात. तीन ठेवले तर सुमारे १३ वेळा, चार ठेवले तर ४ वेळा आणि पाच ठेवले तर जेमतेम एकदा तूट येते. सरासरीइतका साठा ठेवणे म्हणजे तीन महिन्यांतून एकदा अडचणीत येणे. आणखीही एक गोष्ट लक्षात येते. तिसऱ्या भागाने १९-२० महिने वाचले, चौथ्याने नऊ, पाचव्याने तीनच. किंमत मात्र प्रत्येकाची तेवढीच. कोठे थांबायचे, हे ठरवावेच लागते.

पण ही सरासरी आणायची कोठून? वाहन चालवून, आणि काय कधी मोडले हे लिहून ठेवून. वाहनांची कसून चाचणी घेण्यासाठी खास मार्ग बांधलेले असतात. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेतही ते आहेत. जो गाडी चालवतो पण नोंद ठेवत नाही, त्याच्या साठ्यात नको ते भाग गंजत पडतात आणि हवा तो भाग सापडत नाही.

एवढ्यानेही भागत नाही. दिव्याची काच वारंवार फुटते, पण तिच्यावाचून गाडी अडत नाही. म्हणून भांडारातील माणसे सुट्या भागांचे तीन वर्ग करतात: ज्यावाचून यंत्र बंद पडते ते, ज्यावाचून काम मंदावते ते, आणि असले तर बरे असे. मग आणखी दोन प्रश्न विचारतात. हा भाग मागवल्यावर यायला किती काळ लागेल? आणि तो जागच्या जागी, जवळच्या हत्यारांनी बदलता येईल का? रणगाड्याचे इंजिन बंद पडले तर रणगाडा अडतोच. पण क्रेनशिवाय ते बदलता येत नाही, म्हणून ते बरोबर नेण्यात अर्थ नसतो. त्याची जागा मागच्या दुरुस्तीतळावर.

यायला किती काळ लागेल, या प्रश्नाला कधीकधी 'येणारच नाही' असेही उत्तर मिळते. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत थांबवली. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचे सुटे भाग अमेरिकेतूनच येत. आपल्याकडेही ब्रिटिश सेंच्युरियन, अमेरिकन शेरमन आणि फ्रेंच एएमएक्स-१३ असे तीन देशांचे रणगाडे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यातून पहिला विजयंता बाहेर पडला. आराखडा ब्रिटिश कंपनीचा होता, पण पुढे त्याचे अधिकाधिक भाग देशातच बनू लागले. १९९१ साली सोव्हिएत संघ विस्कटला, तेव्हा सोव्हिएत बनावटीच्या सामग्रीचे सुटे भाग मिळवताना आपल्याला पुन्हा हाच धडा गिरवावा लागला. भाग साठवता येतात, पण साठा संपतो. तो भाग बनवण्याचे ज्ञान जवळ असेल, तर साठा पुन्हा भरता येतो.

आता त्या टांगलेल्या कड्यांकडे पुन्हा पाहू. पट्ट्याची एक कडी तुटली की रणगाडा जागच्या जागी उभा राहतो. दगडधोंडे, सुरुंग आणि झीज यांमुळे ती तुटण्याचा संभव मोठा. ती बदलायला क्रेन लागत नाही. घण, पहार आणि तीन-चार माणसांचा घाम पुरतो. शिवाय टांगलेली कडी चिलखतावर आणखी एक जाड थर होऊन बसते, म्हणून ती जागाही अडवत नाही. आपले सारे प्रश्न लावून पाहिले, तर ती प्रत्येकात उत्तीर्ण होते.

सहलीहून परतल्यावर मुलांना एक काम देता येईल. सायकलवरून भिंगारहून दौलताबादला जायचे आहे आणि पिशवीत फक्त पाच वस्तू मावतात. कोणत्या घ्याल, आणि का? उत्तरे वेगवेगळी येतील. आपण गुण द्यायचे ते यादीला नव्हे, 'का' ला.