आवाजावरून निदान

देवळीच्या बाजारात मडके घेणारे गिऱ्हाईक आधी ते हातात उचलून टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के, बद्द आला तर कोठेतरी तडा आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते.

तरीही मागे एकदा आम्ही ते विसरलो. आमच्या विज्ञान मंडळातील मुलांनी कमाल व किमान तापमानाच्या दोन वर्षांच्या नोंदी एका विद्यार्थ्याच्या घरच्या संगणकात साठवल्या होत्या. संगणक खेळांसाठी घेतलेला, म्हणून चांगला ताकदीचा. आठवडाभर त्यातून ‘टक्, टक्’ असा आवाज येत होता. पंख्याचा असेल, असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. एके दिवशी संगणक सुरूच झाला नाही. हार्ड डिस्क निकामी झाली होती आणि नोंदींची दुसरी प्रत आमच्याजवळ नव्हती. तो आवाज काय सांगत होता, आणि असे आवाज ओळखायला माणूस कसा शिकला, हे या लेखात पाहू.

पिंपापासून छातीपर्यंत

लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर ठोकून त्यात मद्य कोठवर आहे हे ओळखण्याची रीत त्या धंद्यात होती. पुढे व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर त्याने रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकून पाहिले. निरोगी फुप्फुसात हवा असते, तेथे पोकळ आवाज येतो. पाणी साचले असेल तेथे बद्द. १७६१ साली त्याने हे लहानशा पुस्तकात मांडले, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कोठे ही पद्धत रुजली.

कोर्व्हिसारच्याच एका शिष्याने पुढचे पाऊल टाकले. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक याला एका तरुण स्त्रीचे हृदय तपासायचे होते. छातीला कान लावणे संकोचाचे वाटले, म्हणून त्याने कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक छातीवर ठेवले आणि दुसरे कानाशी धरले. ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला. लेनेकचे मोठे काम मात्र त्यानंतरचे आहे. कोणत्या रुग्णाच्या छातीत कसा आवाज येतो हे तो टिपून ठेवी आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदनात दिसलेल्या बिघाडाशी तो आवाज ताडून पाही. आवाज आणि कारण यांची अशी जोडी लावल्यामुळेच १८१९ सालचा त्याचा ग्रंथ शास्त्र ठरला.

ही कल्पना त्याच्याही आधी एकाला सुचली होती. स्प्रिंगच्या नियमामुळे आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला रॉबर्ट हूक १७०३ साली वारला. त्याचे लेखन १७०५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तो म्हणतो की, घड्याळाची टिकटिक ऐकून जशी आतली हालचाल कळते, तशी शरीराच्या आत चाललेली कामेही आवाजावरून कळू शकतील. म्हणजे हूक यंत्राकडून शरीराकडे वळला होता. पुढच्या काळात कारागिरांनी उलटा प्रवास केला आणि डॉक्टरांची ही विद्या यंत्रांवर वापरली.

चाके आणि चात्या

मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट वर्ध्यावरून जाऊन १८६७ साली नागपूरला पोहोचली. रेल्वेत लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या चाकांवर ठोकत जाणारा माणूस असे. चाक अखंड असेल तर ते घंटेसारखे वाजे. चीर असेल तर आवाज लगेच दबून जाई, कारण चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपनांची ऊर्जा शोषून घेतात. मडक्याची टिचकी आणि हा हातोडा, दोहोंमागचे तत्त्व एकच.

आमच्या कापूसपट्ट्यात जिनिंगचे कारखाने आले. तिथल्या मिस्त्रीची एक युक्ती आजही पाहायला मिळते. तो स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या आवरणावर टेकवतो आणि मूठ कानाच्या हाडाशी धरतो. पोलादातून कंपने थेट येतात आणि भोवतीचा गोंगाट मागे पडतो. जवळच्या वर्ध्यात, जेथे १९३८ साली मगन संग्रहालय सुरू झाले, चरख्यावर बसणाऱ्यांनाही ही भाषा कळत असे. चाती कुरकुरू लागली की ती तेलाचा थेंब मागते आहे, हे कोणी वेगळे सांगावे लागत नसे.

मुक्या यंत्राला आवाज

इलेक्ट्रॉनिक संगणक आला तेव्हा अडचण निराळीच होती. त्याच्या गणन करणाऱ्या भागांत हलणारे काही नव्हते, त्यामुळे काम चालले आहे की अडकले, हे ऐकून कळत नसे. म्हणून १९४९ साली सिडनीत चाललेल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन संगणकाला आणि १९५१ साली मँचेस्टरला बसवलेल्या फेरांटी मार्क १ ला ध्वनिवर्धक जोडला गेला. आज्ञावलीप्रमाणे आवाज बदले आणि ती एकाच जागी घोटाळत राहिली की चालकाला ते ऐकूनच उमगे. १९८१ सालच्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही ही सोय होती. सुरू होताना तो स्वतःची तपासणी करी. सारे ठीक असेल तर एकदा ‘बीप’ वाजे, बिघाड असेल तर वेगळ्या खुणेने.

खरे यांत्रिक आवाज आले ते चकतीबरोबर. १९५६ साली आयबीएमने पहिली चुंबकीय चकत्यांची साठवण बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत आणि सुमारे ५० लाख अक्षरे साठवत. आजच्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या घेते. वाचणारे शीर्ष तिच्यावर, केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी अंतरावर, हवेच्या थरावर तरंगते. तबकडीवरील मार्गदर्शक खुणा त्याला सापडल्या नाहीत की ते मागे येते आणि पुन्हा शोधू लागते. हीच ती ‘टक्, टक्’. आमच्या संगणकातून आठवडाभर येत होती ती ही हाक.

चार आवाज, चार कारणे

खेळांच्या संगणकात उष्णता पुष्कळ होते, म्हणून पंखे अनेक असतात. मिनिटाला १२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०. पंख्याला सात पाती असतील तर २० × ७ = १४० हर्ट्झचा सूर येतो. वेग वाढला की सूर चढतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बाहेरचीच हवा तापलेली असल्याने पंख्याला अधिक जोरात फिरावे लागते. त्यात धूळ आणि कापसाचे तंतू अडकले तर आणखीच. हा आवाज म्हणजे साफसफाईची मागणी.

पंख्यातून खरखर किंवा घरघर येत असेल आणि ती वेगाबरोबर बदलत असेल, तर बेअरिंग झिजले आहे किंवा एखादी तार पात्याला लागते आहे.

खेळ सुरू होताच बारीक शीळ आली तर ती बहुधा चित्र-कार्डावरील तारेच्या वेटोळ्यांची असते. बदलत्या विद्युतप्रवाहामुळे चुंबकीय बल बदलते आणि वेटोळे कंप पावते. दर सेकंदाला दाखवायच्या चित्रांची संख्या कमी केली की शीळ बदलते किंवा थांबते. ती त्रासदायक असते, पण सहसा धोक्याची नसते.

चौथा आवाज चकतीची ‘टक्, टक्’. ती आली की बाकी सगळे बाजूला ठेवून आधी माहितीची दुसरी प्रत करावी.

हे वर्गात सहज दाखवता येते. संगणक बंद पेटीतच ठेवून मुलांना कागदाची नळी द्यावी, आणि नळी कोठे ठेवली असता आवाज मोठा होतो ते लिहायला सांगावे. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी संगणक रिकामा चालवावा, मग खेळ सुरू करावा, मग मोठी फाईल उतरवून घ्यावी. आवाज कशाबरोबर बदलला, यातच कारण सापडते. साफसफाई करताना मात्र विजेची जोडणी आधी काढावी, पंखा बोटाने स्थिर धरून धूळ झटकावी आणि वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नये.

आता चकतीऐवजी हलणारे भाग नसलेली साठवण येते आहे. ती वेगवान आहे आणि सर्वस्वी मुकी आहे. बिघडताना ती टिचकीएवढाही आवाज करत नाही. म्हणून दुसरी प्रत ठेवण्याची सवय पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे. आमच्या मुलांनी तापमानाच्या नोंदी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केल्या आहेत. त्या संगणकात असतात आणि वहीतही.