रनरवर टांगलेली गाडी

सिल्वासाजवळच्या मसाट किंवा पिपरियाच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिक मोल्डिंगच्या एखाद्या युनिटमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं की मशीनचा ताल कानात बसतो. साचा मिटतो, स्क्रू पुढे सरकतो, दोनशे अंशांच्या आसपास तापलेलं प्लास्टिक पोलादाच्या पोटात शिरतं, थंड होतं, साचा उघडतो आणि माल खाली पडतो. झाकणं, बुचं, डब्यांचे कान, स्विचची घरं, काय वाट्टेल ते. त्याच्याबरोबर एक काटकुळा सांगाडाही येतो. प्लास्टिक ज्या वाटेनं साच्याच्या खणाखणात पोचलं, त्या वाटेचाच तो ठसा असतो. त्याला म्हणायचं रनर. मशीनवरचा माणूस त्याच्याकडे न बघताच तो मोडतो आणि क्रेटमध्ये टाकतो. पुढे ग्राइंडरमध्ये त्याचा चुरा होतो आणि नव्या दाण्यात मिसळून तो पुन्हा हॉपरमध्ये जातो.

मोटारींची प्लास्टिक मॉडेलं जोडणाऱ्या शौकिनानं हे पाहिलं तर त्याच्या पोटात कालवेल. कारण त्याची गाडी रनरवर टांगलेल्या अवस्थेतच डब्यातून येते. दारं, बॉनेट, इंजिनाचे दोन अर्धे भाग, नखाएवढे आरसे, सगळं त्या चौकटीला चिकटलेलं आणि प्रत्येक तुकड्याशेजारी त्याचा आकडा. तुकडा पक्कडीनं कापायचा, रनरला जोडणाऱ्या गेटची, म्हणजे प्लास्टिक शिरायच्या तोंडाची, खूण घासायची, रंगवायचा, चिकटवायचा. कारखान्यातलं शेवटचं काम गिऱ्हाइकाच्या टेबलावर आणून ठेवायचं आणि वर त्याचे पैसेही घ्यायचे, अशी ही अजब व्यापारी युक्ती. ती कुणा कलावंताच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचं मूळ कंगव्यांच्या कारखान्यात आहे.

१९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानं इंग्लंडमध्ये एअरफिक्स कंपनी काढली ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. युद्धानंतर त्यानं इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन आणलं आणि कंगवे पाडायला सुरुवात केली. १९४९मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीनं आपल्या विक्रेत्यांच्या हाती द्यायला छोटा ट्रॅक्टर करून मागितला. तो कामगारांच्या हातांनी जोडायचा म्हणजे खर्च फार. मग तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत वूलवर्थच्या दुकानांतून विकायला ठेवला आणि तो खपला. मजुरी वाचवण्याच्या हिशेबातून एक छंद जन्माला आला. अमेरिकेत १९४८मध्ये सुरू झालेल्या एएमटीची गोष्टही याच जातीची. मोटारींच्या शोरूममध्ये ठेवायच्या छोट्या नमुना-गाड्या ही कंपनी करत असे. आधीच्या सेल्युलोज ॲसिटेटच्या गाड्या काही वर्षांत पापडासारख्या वाकत. पुढे पॉलिस्टायरिन आलं, आकार टिकू लागला, आणि १९५८मध्ये कंपनीनं एकाच डब्यातून तीन तऱ्हांनी जोडता येईल असं किट बाजारात आणलं. अमेरिकी पोरांची एक पिढी त्याच्या मागे लागली.

या काळात सिल्वासात काय होतं? प्लास्टिक तर नव्हतंच, कारखानाही नव्हता. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. त्या लढ्यात राजा वाकणकर होते, सुधीर फडके होते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ११ ऑगस्ट १९६१ला दादरा आणि नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली. तोवर इथली कारागिरी म्हणजे मडकी, चपला आणि बांबूच्या वस्तू. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दानउद्योग सहकारी संघानं पिपरियात पहिली औद्योगिक वसाहत उभी केली, मग मसाट आणि खडोली आली. पुढे करसवलतींचा पाऊस पडला. शेजारी वापी, पलीकडे मुंबईचा महामार्ग. दमणगंगेच्या काठावर सूत आणि प्लास्टिक बघता बघता रुजलं.

कच्च्या मालाची कहाणी त्याहून जुनी आणि आपल्याला जवळची आहे. भारतात प्लास्टिकयुग सुरू झालं ते १९५७मध्ये, पॉलिस्टायरिनच्या उत्पादनानं, आणि तो कारखाना होता मुंबईत चेंबूरला, पॉलिकेमचा. साठच्या दशकात ठाण्यात विंडसरची इंजेक्शन मोल्डिंग मशीनं बनू लागली. १९९५मध्ये रायगड जिल्ह्यात नागोठण्याला सुप्रीम पेट्रोकेमचा पॉलिस्टायरिनचा मोठा प्रकल्प सुरू झाला. मॉडेल-किट ज्या प्लास्टिकचं बनतं, ते हेच. कडक, घासता येणारं, बारीकसारीक नक्षी इमानानं उचलणारं, आणि योग्य द्रावक लावला तर कडेला विरघळून दुसऱ्या तुकड्याशी एकजीव होणारं. म्हणजे एएमटीचं किट बाजारात यायच्या वर्षभर आधी चेंबूरमध्ये दाणा तयार होता. मशीन थोड्याच वर्षांनी ठाण्यात आलं. अडलं ते साच्यापाशी.

साचा हा या धंद्याचा खरा मालक. झाकणाचा साचा सोपा: दोन अर्धे, एक गेट, झालं. मोटारीचं अंग मात्र पाच बाजूंनी बोलतं. छताचा बाक, दाराच्या फटी, जाळी, चाकांवरच्या कमानी, सगळं एका तुकड्यात आणायचं तर साच्याच्या भिंतीही बाजूला सरकाव्या लागतात. हे पोलादात कोरायचं म्हणजे लाखांचा मामला, आणि वसुलीसाठी हजारो डबे खपायला हवेत. परवान्यांच्या राज्यात ज्या देशात खऱ्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, तिथे खोट्या गाडीच्या साच्यात पैसे कोण घालणार?

तेव्हा सोपा रस्ता निघाला: परदेशात दमलेले साचे इकडे आणायचे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी टॉइजचे जुने साचे कोलकात्याला आले आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांतून निकी टॉइज निघू लागली. बुडाखालचं डिंकी हे नाव खरवडून निकी केलेलं. त्या गाड्या धातूच्या होत्या, कडा बोथट, रंग जाड. तरी आज परदेशी संग्राहक त्या शोधत फिरतात. मुंबईच्या ब्लो प्लास्टनं, म्हणजे व्हीआयपी सुटकेसवाल्यांनी, मॅटेलशी हात मिळवून लिओ मॅटेल या नावानं हॉट व्हील्स इथे काढल्या. गोव्यात फनस्कूलनं हॅस्ब्रोच्या साच्यांवर जी. आय. जो सैनिक पाडले. साचा अमेरिकी, पण प्लास्टिकचे रंग इथल्या मर्जीचे; त्यामुळे मूळ मालिकेत कधी नव्हते असे रंगीबेरंगी सैनिक गोव्यात जन्मले, आणि आता त्या विचित्र रंगांपायीच ते जगभर भाव खातात. दमलेल्या साच्याची ही करामत गमतीची खरी, पण जोडून-रंगवून करायच्या गाडीपर्यंत ती पोचली नाही. सगळा माल तयारच मिळे.

यात एक गंमत आहे. खऱ्या मोटारी मात्र मुंबईत किट म्हणूनच आल्या. १९२८ साली जनरल मोटर्सनं शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. जहाजातून सुटे भाग पेट्यांत यायचे आणि शिवडीत शेवरोले उभी राहायची. महिंद्रांची विलीज जीपही आधी सुटे भाग जोडूनच उभी राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियरनं १९६४पासून फियाट ११०० डिलाइट काढली, तीच पुढे १९७४मध्ये पद्मिनी झाली. मोठ्या माणसांनी पेटीतून गाड्या जोडल्या. पोरांना मात्र जोडायला काही मिळालं नाही.

काहीच नाही असंही म्हणता येत नाही. मराठी घरात पोरं दर दिवाळीला किल्ला करत. दगड, विटा, गोणपाट, लाल माती, वर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ, आणि पायथ्यापासून माचीपर्यंत मावळे. मापाचा विचार त्यात असे, फक्त त्याचं नाव कुणी घेत नसे. सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच झाले की एखादा काका हटकून बोलतोच. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचं अख्खं शहर उभं केलं, १९९८पासून ते कोथरूडला संग्रहालय म्हणून पाहता येतं. सिग्नल, पूल, रस्त्यावरच्या गाड्या, सर्कशीचा तंबू, सारं मापात. छंद म्हणून मॉडेल करण्याला मराठी गावात किती दम असू शकतो, याचा तो सर्वांत भक्कम पुरावा.

प्लास्टिकचं मोटार-किट मात्र आलं ते बोटीवरच्या मामाच्या किंवा आखातातून येणाऱ्या काकाच्या बॅगेतून. डब्यावर बहुधा दोन ताऱ्यांचं चिन्ह असे. जपानमधल्या शिझुओकाची ही तामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या वखारीपासून सुरू झाली, मग लाकडी मॉडेलं, आणि १९६०मध्ये पहिलं प्लास्टिक मॉडेल, यामातो ही युद्धनौका. या कंपनीच्या शुन्साकु तामियांची एक गोष्ट शौकीन भक्तिभावानं सांगतात. पोर्श ९३४चं मोठं किट करताना हवी तशी मापं मिळेनात, तेव्हा त्यांनी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली. किट १९७६मध्ये आलं.

डबा आला, पण त्यासाठीचा रंग आणि गोंद आला नाही, कारण विमानात ते चालत नाहीत. इथून पुढे देशी अक्कल सुरू होते. दांडेकरांच्या कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग, १९३१ सालच्या घोडा छाप शाईच्या भुकटीतून वाढलेल्या घरातले. फेवीक्विकचा थेंब टाचणीच्या टोकावर. फटी भरायला एम-सील, पाणी लावलेल्या बोटानं गुळगुळीत केलेलं. चकाकी आणायला टूथपेस्ट. चुका ठरलेल्या असत. गॅरेजमधला एनसी थिनर घातलेला रंग उघड्या पॉलिस्टायरिनवर मारला की बॉनेटला कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडतात. खालून प्रायमर हवा आणि वर पातळ हात, एक सुकल्यावर दुसरा. हे शिकायला एखादं बॉनेट बळी द्यावंच लागतं.

रंगकामाचा हा धडा पेणमध्ये कुणाला सांगावा लागत नाही. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत अंगाचा रंग कॉम्प्रेसरला जोडलेल्या गननं मारतात आणि डोळ्यांची आखणी मात्र हातानं, श्वास रोखून. मॉडेल-गाडीचंही अगदी हेच: अंग एअरब्रशनं, डॅशबोर्डवरची घड्याळं शून्य नंबरच्या ब्रशनं. एक-चोवीस मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच, स्पीडोमीटर ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. पेणच्या एखाद्या आखणीवाल्यासमोर असं किट ठेवून पाहायला हवं.

१ एप्रिल २००१ला आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध उठले आणि डबे दुकानांत दिसू लागले. पुढची पंधरा-वीस वर्षं या छंदाचा आपल्याकडचा सुकाळ. मग फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३मध्ये ७० टक्क्यांवर. दरम्यान १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. स्वस्त आणि विषारी माल अडवायचा हा हेतू चांगलाच. पण सीमाशुल्काच्या वर्गवारीत ९५०३ या एकाच शीर्षकाखाली बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि मापातली मॉडेलंही बसतात. पन्नाशीतला कारकून रात्री जेवणानंतर ज्यावर भिंग धरतो ती फेरारी आणि खुळखुळा, कायद्याला दोन्ही सारखेच. देशी धंदा वाढावा म्हणून शुल्क लावायचं तर देशात तो माल बनायला तरी हवा.

आणि बनायला अडचण काय, हे सिल्वासात उभं राहून विचारलं तर उत्तर सापडत नाही. दाणा नागोठण्यात आहे. मशीन आहेत, ती चालवणारे हात आहेत. पोलाद संगणकाच्या आज्ञेनं कापणाऱ्या टूलरूम वापीपासून वसई-पुण्यापर्यंत आहेत. इथल्या डीएन ०९ पाटीच्या बसगाड्या आणि ट्रक साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलेत, तेव्हा डिकालच्या, म्हणजे किटवर चिकटवायच्या चित्रांच्या, कागदावर काय छापायचं तेही ठरलेलंच. विषयही हाताशी आहे: कुर्ल्यात बनलेली, काळी-पिवळी, मुंबईच्या चार पिढ्यांना वाहून नेणारी पद्मिनी. ज्यांनी तिच्या मागच्या सीटवर बसून शाळा, इस्पितळ आणि लग्नाचं कार्यालय गाठलं, ते आज नेमके अशा छंदाच्या वयाचे आणि ऐपतीचे आहेत.

तामियांनी पोर्श सुटी केली तशी इथे पद्मिनी सुटी करावी लागेल, आणि त्याला उशीर नको. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ला ती रस्त्यावरून उतरली. गॅरेजांच्या मागे अजून काही उभ्या आहेत. टेप घेऊन जाणाऱ्यानं लवकर जावं.